पुढच्या ओळीतल्या नळ्या

१२ जानेवारी

तुझं पत्र पोचलं. आधी मायन्याचं सांगतो. तुझ्या नावामागे चि. सौ. लावायचं की नुसतं चि., ह्यावर मी दाढी होईपर्यंत विचार केला. सौ. लावलं तर तुला राग येणार, काढलं तर घरात कोणाला तरी येणार. डॉ. लागायला अजून काही महिने आहेत. तोवर जागा रिकामी ठेवतो.

तू लिहितेस, "बाबा, फोनवर सांगू नका. तारीख घालून लिहा. जे दिसतं ते लिहा, जे वाटतं ते नको." वजनमापे निरीक्षक म्हणून मी उभा जन्म हेच केलं. दुकानदार कितीही गोड बोलला तरी काटा काय म्हणतो तेवढंच कागदावर उतरवायचं. तेव्हा हे काम मला जमेल असं वाटतं. हे 'वाटतं' शेवटचं.

तर दिसतं ते असं. मागच्या खोलीत बुटक्या कपाटावर तुझा दुसरा रॅक तू ठेवलास तिथेच आहे. नळ्या बारा. सहा पुढे, सहा मागे, भिंतीला लागून. प्रत्येक नळीत अर्ध्यापर्यंत तू ओतून घट्ट केलेलं जेल, त्यावर तुझं कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, वर बरीच रिकामी जागा आणि तोंडाला कापसाचा बोळा. जेलला भेग कुठेही नाही. धुरकट काचेसारखं दिसतं. तू चिकटवलेली 'हलवू नये' ही चिठ्ठी जागेवर आहे. नळ्यांत अजून काही नाही.

पहिल्या रॅकची जागा पुसून घेतली. काचा मी गोळा केल्या.

घरची हवा विचारली नाहीस, तरी दिसते म्हणून लिहितो. चिरंजीव नव्या नोकरीच्या गावी गेले. जाताना विचारत होते, "तिच्या त्या बाटल्या कधी जाणार?" म्हटलं, वाढ पुरी झाल्यावर. तुझ्या सासूबाई मागच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत आणि तुझं नाव काढत नाहीत. त्या खोलीचा केर मी काढतो, तो नीट निघत नाही, आणि त्यावर मला कोणी काही म्हणत नाही. आपल्या घरात केरावरून कोणी काही म्हणत नाही म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

सही करतानाही अडलो. सासरा हे पद चालू आहे की संपलं ते तुम्हा दोघांच्या वकिलांनी ठरवायचं. सवयीने लिहितो,

बाबा


२९ जानेवारी

वाढ दिसली.

भिंग लावून पाहिलं. मागच्या सहा नळ्यांत जेलच्या पृष्ठभागाखाली पांढरा दाट पट्टा आला आहे, साखर सांडल्यासारखा. एकेक दाणा वेगळा काढून दाखवता येणार नाही इतकी गर्दी आहे. पुढच्या सहा नळ्यांत तसा पट्टा नाही. थोडेच ठिपके आहेत आणि ते मोजता येतात. सगळ्यांत मोठा ठिपका मोहरीएवढा, पण त्याला कडा आहेत. कोणी घासून केल्यासारख्या सरळ.

तू एकदा ओट्याशी उभं राहून हे मला समजावलं होतंस. जेलमध्ये टार्टारिक आम्ल आहे, वरून कॅल्शियम झिरपत खाली येतं, दोघांची गाठ पडते तिथे स्फटिक बसतो. मी विचारलं होतं, मग दोन्ही एकत्रच का ओतत नाहीस? म्हणालीस, "मग एका क्षणात नुसता गाळ होतो, बाबा. जेल काही करत नाही. फक्त दोघांना घाई करू देत नाही." अशी काही सोय घरातही हवी होती, असं मनात आलं. पण ते 'वाटतं'च्या रकान्यात जाईल, म्हणून सोडून देतो.

प्रत्येक नळीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून वरच्या पाण्याची पातळी नोंदायला सुरुवात केली आहे. चिकटवताना नळी हलवली नाही. पट्टी नळीकडे नेली.

हिने आज जेवताना विचारलं, "काय लिहिता एवढं?" म्हटलं, नळ्यांचा अहवाल. "असं का," एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायला उठली. पाण्याचं भांडं तिच्या पुढ्यातच होतं.

बाबा


१३ फेब्रुवारी

कार्डावर लिहितो, कारण गोष्ट छोटी आहे आणि निस्तरली आहे.

वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. सुतार सकाळीच भिंतीला भोकं पाडायला लागला. मागच्या खोलीत नळ्यांतल्या पाण्यावर बारीक लाटा दिसल्या. मी वर गेलो. सुतार म्हणाला, "काका, खाली कोणी आजारी आहे का?" म्हटलं, आजारी नाही, वाढतंय. त्याचा काय समज झाला कोण जाणे. यंत्र खाली ठेवलं, "मग आज राहू दे, हातानेच करतो," म्हणाला, आणि जाताना बाळाचं वजन विचारून गेला. वजन अजून केलेलं नाही, हे मी त्याला खरंच सांगितलं.

भेगा नाहीत. बाराही नळ्या शाबूत.

बाबा


४ मार्च

तुझ्या पत्रातले संशयित एकेक करून तपासले.

ऊब: थर्मामीटर पुढच्या ओळीशी आणि मागच्या ओळीशी आठवडाभर आलटूनपालटून ठेवला. फरक नाही. उजेड: पुठ्ठा लावून पाहिला. फरक नाही. धक्के: लागले तर दोन्ही ओळींना सारखेच लागतील. जेल तू एकाच भांड्यातून, एकाच दिवशी ओतलं होतंस, म्हणजे तेही सारखं.

तरी फरक वाढतच चालला आहे. मागच्या ओळीत गर्दी तशीच, दाणे बारीक, एकमेकांत घुसलेले, दुधी. पुढच्या ओळीत एकेका नळीत चारपाच, त्यातला एखादा वाटाण्याहून मोठा आणि असा स्वच्छ, की त्याच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता येतो. मी वाचला. मथळ्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र पट्ट्यांवरून दिसते. मागच्या ओळीतलं वरचं पाणी कापसातून उडून हळूहळू खाली चाललं आहे, उडायलाच हवं. पुढच्या ओळीतलं खाली जात नाही. दोन नळ्यांत तर चढलं आहे. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः लागू पडतं. छताला ओल नाही. मी हात लावून पाहिला.

तू लिहितेस की पहिल्या रॅकमध्ये हेच करायचं होतं. त्यात वरचं पाणी पातळ केलेलं होतं, दुसऱ्यात दाट, आणि दोन्हींची तुलना हाच तुझ्या प्रबंधाचा कणा होता. पातळ पाण्यात थोडे, मोठे, स्वच्छ स्फटिक यावेत आणि दाट पाण्यात गर्दी व्हावी, असं तुझं म्हणणं होतं. तो रॅक गेला. इथल्या प्रयोगशाळेचं छत अजून उघडंच आहे, तिथे तुझ्या वसतिगृहाखालून दिवसभर ट्रक जातात, आणि जूनच्या आत प्रबंध दिला नाही तर मुदत संपते. नव्याने लावायला वेळ नाही. हे सगळं मला समजलं. तू तीनदा लिहिलं आहेस म्हणून नव्हे, पहिल्यांदाच समजलं होतं.

तुझ्या मार्गदर्शक बाई विचारतात, पहिल्या रॅकचं काय झालं. मी माझ्या नोंदीत 'फुटला' असं लिहिलं आहे. फुटला हे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी खरं आहे. तूर्त तेवढंच.

बाबा


२२ मार्च

आजचं पत्र क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

चिरंजीव काल आले. सोबत टेम्पोवाला होता. बुटकं कपाट त्यांनी पहिल्या पगारातून घेतलेलं, ते नव्या जागी न्यायचं म्हणत होते. मी म्हटलं, जूननंतर ने. म्हणाले, टेम्पो जूनपर्यंत थांबत नाही. त्यात तथ्य होतं. टेम्पोवाला मागच्या खोलीच्या दारापर्यंत पोचला, तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून आली आणि चौकटीत उभी राहिली. दोन्ही बाजूंना हात टेकून. तीन महिन्यांत त्या दारात मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

"आत जायचं नाही," म्हणाली.

"आई, कपाट माझं आहे."

"कपाट तुझंच. त्याच्यावर काम चाललंय."

"काम कसलं? बाटल्या आहेत. रॅक उचलून खाली ठेवतो, दोन मिनिटांचं काम. घाबरू नकोस, आता नाही पाडत."

त्यातला 'आता' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. टेम्पोवाला छताकडे बघत होता. चिरंजीव स्वतःही जरा थांबले आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. तशी ही म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, ओट्यावर दूध ठेवलंय म्हणावं तशी:

"हलवू नकोस म्हणते ना. कालच पाणी घातलंय, हिंदकळेल."

पुढची थोडी मिनिटं मी लिहीत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही घडलं नाही. चिरंजीव कपाट न घेता गेले. टेम्पोवाल्याचं येण्याजाण्याचं भाडं त्यांनी दिलं. जाताना माझ्या पाया पडले. हिच्याकडे बघायचं टाळत होते, आणि हीही त्यांच्याकडे बघत नव्हती.

मग मी विचारलं, "कसलं पाणी?"

"प्यायचं."

"कुठे घातलंस?"

"नळ्यांत. तुम्ही कधी घालताना दिसला नाहीत. ती म्हणाली होती, वाढतायत. मग पाणी नको?"

सबंध आयुष्य लोकांची मापं तपासण्यात गेलं. दूधवाल्यांपासून सोनारांपर्यंत सगळ्यांचं पाणी जोखलं. आणि माझ्या नाकाखाली, माझ्याच घरात, माझ्याच पट्ट्या लावलेल्या नळ्यांत कोणी पाणी घालत होतं आणि मी छताला हात लावून बघत होतो. मी निवृत्त झालो हे खात्याच्या भल्याचंच झालं.

तुझा फरक सापडला. मागच्या ओळीला हात पोचत नाही म्हणून तिने ती तशीच सोडली. पुढच्या ओळीला तू गेलीस त्याच आठवड्यापासून पाणी घातलं. तुझं पातळ द्रावण तयार झालं आणि दाटही राहिलं. दोन रॅक नाहीत, पण दोन ओळी आहेत.

बाबा


३ एप्रिल

तुझं उत्तर वाचून लक्षात आलं की तू आधी हसलीस आणि मग अडचण लिहिलीस. अडचण मला मान्य आहे. कोणीतरी कधीतरी पाणी घातलं, हा प्रयोग होत नाही. कोणी, किती, केव्हापासून, कसलं, हे त्या माणसाने स्वतः लिहून दिलं तर तुझ्या बाई पुढच्या ओळीची नोंद धरतील, नाहीतर बाराच्या बारा नळ्या बाद. मी ऐकीव लिहून चालणार नाही. माझ्या खात्यातही चालत नसे.

तू हेही लिहिलंस की तू तिला विचारणार नाहीस. "मी एकदा त्यांच्याकडे बघितलं होतं, बाबा. रॅक गेला तेव्हा आई दारात होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्या म्हणाल्या, पडला." हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं आहे, कारण ते तू मला पहिल्यांदाच लिहिलंस. तुझं बरोबर की चूक, ह्यात मी पडत नाही. मला त्या दिवशी जे दिसलं तेवढं सांगतो. मी बाहेरून आलो तेव्हा काचा कपाटाच्या पायथ्याशी नव्हत्या. समोरच्या भिंतीशी होत्या, पार खिडकीखाली. आपोआप पडलेली वस्तू खोली ओलांडून जात नाही.

हिला मी विचारलं. सरळ विचारलं.

"मी काही लिहून देणार नाही," म्हणाली. "पाणी घातलं ते चुकलं असेल तर नळ्या टाकून द्या."

"चुकलं नाही. त्याच नळ्या चांगल्या आहेत."

"मग तिला सांगा, चांगल्या आहेत."

"तिच्या बाई पहिल्या रॅकचंही विचारतात."

ह्यावर तिने कणिक मळायला घेतली आणि इतका वेळ मळली की पोळ्या कापसासारख्या झाल्या. मी तशी तारीफही केली. तिने ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी न विचारता तिने माझ्या टेबलावर एक टोपण आणून ठेवलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं, आत दोन रेघा असलेलं. "ह्याने घालत होते," एवढंच म्हणाली. मी तराजू काढला. खात्याने जुने तराजू लिलावात काढले तेव्हा घेतला होता तोच. टोपणात खालच्या रेघेपर्यंत पाणी भरून तोललं. ते माप कमी भरतं. किती कमी ते वेगळ्या चिठ्ठीत दिलं आहे. औषध कंपनीला मी पत्र टाकणार होतो, पण हिने हात जोडले.

थोडक्यात, माप हाती आहे, साक्ष नाही.

बाबा


१५ एप्रिल

सांगितलंस तसे दोन्ही ओळींतले काही स्फटिक काढले. बाकीच्या नळ्या अजून तशाच आहेत. जेल चमच्याने सैल करून बशीत ओतलं आणि धुतलं. पुढच्या ओळीतला सगळ्यात मोठा, करंगळीच्या नखाएवढा, टिपकागदावर ठेवला तेव्हा ही मागे येऊन उभी होती. मी बोलावलं नव्हतं.

निरीक्षणं:

घट्टपणा. नखाने ओरखडा उठत नाही. तांब्याच्या नाण्याने उठत नाही. चाकूच्या टोकाने उठतो. दोन्ही ओळींचं सारखं.

घनता. हवेत तोललं, मग केसाला बांधून पाण्यात लोंबकळत तोललं. दोऱ्याला पाणी चिकटतं, म्हणून तू केस घ्यायला सांगितलास. माझ्याकडे तेवढा लांब केस असता तर आयुष्याकडे तक्रारच नव्हती. मी फणी शोधायला उठलो. हिने डोक्यावरचा एक उपटून दिला. पांढरा, पण लांब. गाठही तिनेच मारली, माझ्या बोटांना ती येत नव्हती. घनता पाण्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त भरली. मागच्या ओळीतले बारीक दाणे जाळीच्या तुकड्यात एकत्र तोलले, तेही तेवढेच. म्हणजे माल एकच आहे, वाढ वेगळी.

उष्णता. एक तुकडा लोखंडी पत्र्यावर मंद तापवला. वितळला नाही. आधी धुरकट झाला, मग खडूसारखा पांढरा. गार करून तोलला तर वजन चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त घटलं होतं. तू म्हणाली होतीस तसं.

इथे हिने विचारलं, "वजन कुठे गेलं?"

"पाणी होतं आत. उडून गेलं."

"मी घातलेलं?"

"तुझंच असं नाही. तो वाढतानाच आत घेतो. दिसत नाही, पण त्याच्यावरच उभा असतो. ते गेलं की असा खडू होतो."

ती पत्र्याकडे बघत राहिली. "मग कशाला तापवलंत?" म्हणाली. "चांगला होता की."

मी म्हटलं, आत काय आहे हे तापवल्याशिवाय कळत नाही. ती म्हणाली, "आम्हाला कळतं." आणि गेली. आत्ता हे लिहितोय तेव्हा मागच्या खोलीतून केर काढल्याचा आवाज येतोय. तो नीट निघतोय.

मी लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते शेवटी लिहितो. तुझा प्रबंध व्हावा असं मला फार वाटतं. तुम्ही दोघं परत एकत्र या असं मी म्हणत नाही, ते झिरपून झिरपून जिथे पोचायचं तिथे पोचेल. पण तू आपल्या घरातून काहीतरी पुरं करून घेऊन गेलीस, एवढं मला हवं आहे. आणि हे नळीत दिसत नाही.

मोठा स्फटिक कापसात गुंडाळून गोळ्यांच्या डबीत घातला आहे. पाकीट उद्या टाकतो. आज ही म्हणते, टाकू नका, थांबा.

बाबा


१८ एप्रिल

चि.

ह्यांनी मायना रिकामा सोडला होता म्हणे. मी चि. लावते. सौ.ला नवरा लागतो, डॉ.ला परीक्षा लागते, चि.ला काही लागत नाही. कोणालाही लावता येतं.

हे गेले तीन दिवस पाकीट हातात घेऊन फिरतायत. मजकूरही करून दिला होता, सरकारी. "मी खाली सही करणार असे लिहून देते की." मी तो चुलीत घातला असता, पण गॅसवर कागद जाळायचा म्हणजे पसारा. म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. तुझ्या बाईंना अक्षर लागलं नाही तर त्यांना वाचून दाखव.

पाणी मी घातलं. दुसऱ्या कोणीही नाही. पिण्याच्या हंड्यातलं, उकळून गार केलेलं. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने, खालच्या रेघेपर्यंत, प्रत्येक नळीत एकेक. जास्त कधी नाही, कमी कधी नाही. कापूस काढायचा, नळीच्या कडेने सोडायचं, म्हणजे खालचं ढवळत नाही, कापूस परत घालायचा. आठवड्यातून एकदा, मी केस धुते त्या दिवशी, हे पेपर आणायला खाली जातात तेव्हा. केस धुवायचा दिवस मी चुकवत नाही हे तुला माहीत आहे. तू गेलीस त्याच आठवड्यात पहिल्यांदा घातलं, आणि मागल्या महिन्यात हे कपाटाचं झालं त्याच्या आदल्या दिवशी शेवटचं. मागच्या ओळीला कधीच घातलं नाही. हात घातला असता तर पुढच्यांना धक्का लागला असता, आणि तुझी चिठ्ठी होती, हलवू नये. टोपण सोबत पाठवते. हे म्हणतात ते खोटं आहे. असेल. पण शेवटपर्यंत तेच होतं.

कोणी सांगितलं होतं असं बाई विचारतील. कोणीही नाही. तू जाताना माझ्याशी बोलली नाहीस. नळ्या तेवढ्या ठेवून गेलीस. त्या सुकू द्यायच्या नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वेडेपणा म्हण.

आता पहिल्या रॅकचं. ह्यांनी तिथे 'फुटला' लिहिलं आहे, ते मी खोडलं. मी सगळ्यांना 'पडला' सांगितलं. तुझ्यासमोर सांगितलं, शेजारी सांगितलं, ह्यांना सांगितलं. माझ्या मुलाला ते सोयीचं झालं आणि मलाही झालं. रॅक पडला नव्हता. पाडला. तुमचं बोलणं चाललं होतं, तू म्हणालीस जूनपर्यंत त्याच्या नोकरीच्या गावी नाही येणार, आणि त्याने हात फिरवून कपाटाच्या त्याच्याकडच्या टोकाचा रॅक झाडून टाकला. मी दारात होते. तू माझ्याकडे बघितलंस तेही मी पाहिलं. एक काना मी तेव्हा गिळला, तो आता लिहून पाठवते. जिथे लावायचा तिथे लाव. त्याला मी हे काल फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तसंच लिही." तेही लिहिते.

राहिलेल्या नळ्यांना आता पाणी घालत नाही. घालू का, ते तू कळव.

हे म्हणतात, अशा कागदाखाली 'साक्षीदार' असं लिहून सही करायची असते. केली आहे.

साक्षीदार,
आई